पाव मूठ

वेगाचं वेड असलेली माणसं ओळखायला सोपी. ती रस्त्यावर दिसतात, आणि पोलिसांनाही दिसतात. पाव मूठवाला शोधायचा तर जिन्याखाली वाकून बघावं लागतं. तिथं पाटावर बसून, समोर परात घेऊन, ओठांत बारीक स्क्रू धरून जो इसम बसलेला असतो, तो पाव मूठवाला. गाडी शंभरावर जाते का, ऐंशीला थरथरते का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पूर्ण मूठ पिळून गाडी कुणीही पळवेल, असं त्याचं मत. त्याचा जीव अडकलाय तो मुठीच्या पहिल्या पाव भागात. जराशी रेस दिली की त्याच क्षणी गाडीनं उसळी घेतली पाहिजे. आधी घुसमटायचं, मग खाकरायचं, मग विचार करून निघायचं, हे त्याला खपत नाही.

आणि या बाबतीत तो बरोबर असतो, हेच त्याच्या घरच्यांचं दुखणं आहे. चिखलात, माळावर, उसाच्या फडातल्या गाडीवाटेवर मोटरसायकल घालणाऱ्याचा बहुतेक वेळ पाव मुठीतच जातो. वळण आलं, मूठ सोडली. वळण सरत आलं, मूठ उघडली. पुढं चर आहे, चाक उचलायचंय. नेमकं तेव्हा इंजिन क्षणभर दम खात बसलं, तर चाक चरात आणि स्वार चाकाच्या पुढं. टॉप स्पीडच्या गप्पा हाणणाऱ्यांना हे सांगून कळत नाही, कारण त्यांचा चिखलाशी संबंध मडगार्डपुरता.

कोल्हापुरात ही जमात जरा जास्तच फोफावली आहे. एक तर इथं नाद नसलेल्या माणसाकडं लोक संशयानं बघतात. कुणाला तालमीचा, कुणाला फुटबॉलचा, कुणाला कबुतरांचा. त्यात गावात शिवाजी उद्यमनगर. पितळेचा एवढासा तुकडा लेथवर धरून त्यात केसाएवढं भोक पाडून देणारी माणसं जिथं चहाच्या गाड्यावर भेटतात, तिथं ‘पार्ट मिळत नाही’ ही सबब चालत नाही. आमच्या गल्लीतले अण्णा तिथलेच. आठवडाभर एका कारखान्यात टर्नर, आणि रविवारी जिन्याखाली. मला ते मास्तर म्हणतात. मी शाळेत इतिहास शिकवतो, पण जिन्याखाली मी विद्यार्थी.

अण्णांची गाडी यामाहा आरएक्स १००. टू-स्ट्रोक, ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर. ही गाडी आपल्याकडं १९८५ साली आली आणि १९९६ साली बंद झाली. पण ती बंद झाली हे तिच्या भक्तांना अजून कुणी कळवलेलं नाही. अण्णांनी तिचं पुढचं मडगार्ड उचललंय, टायर दातेरी घातलेत, इंडिकेटर काढून कपाटात ठेवलेत. कंपनीचं म्हणावं असं तिच्यावर आता फारसं काही नाही. आरसी बुक तेवढं मूळचं. माळावर कुठं डर्टच्या शर्यती लागल्या की अण्णा तिथं असतात. भाग घेत नाहीत. स्टार्टच्या रेषेजवळ डोळे मिटून उभे राहतात आणि कुणाची गाडी खाली हवा जास्त घेतेय, ते पुटपुटतात.

गाडीच्या उजव्या मुठीवर नेलपॉलिशच्या चार रेघा आहेत. शून्य, पाव, अर्धी, पाऊण. समोर हँडलवर एक रेघ. कुठली रेघ कुठल्या रेघेसमोर आली असताना गाडी अडखळली, हे बघायचं, कारण कार्बुरेटरमधला प्रत्येक भाग आपापला इलाका सांभाळतो. मूठ जेमतेम उघडली, तिथं पायलट जेट आणि त्याच्या जोडीचा पेच. त्याच्या जरा वर स्लाइडचा खालचा तिरपा काप. पावापासून पाऊणपर्यंत सुईचा कारभार. मेन जेटची खरी वट त्याच्याही पुढं. ज्याची तक्रार पाव मुठीत आहे आणि जो मेन जेट बदलत बसलाय, त्याला अण्णा अडाणी म्हणत नाहीत. ते नुसतं विचारतात, “शिक्षण कुठंवर झालं?” नेलपॉलिश वहिनींचं होतं. लग्नातलं. वहिनींनी ते परत मागितलेलं नाही, पण विसरल्यातही नाहीत.

परातीचं प्रकरण मात्र मिटलेलं नाही. कार्बुरेटर उघडताना क्लिपा, वायसर, स्प्रिंग उडून जातात म्हणून खाली परात लागते, हे वहिनींना तत्त्वतः मान्य आहे. त्यांचं म्हणणं एवढंच, की स्वयंपाकघरातल्या दोन परातींतली पेट्रोलची कुठली, हे अण्णांनी कणीक मळायच्या आधी सांगावं.

एका रविवारी त्यांनी मला पायलट जेट दाखवला. पितळेचा, शेंगदाण्याहून लहान, मधोमध भोक. आहे असं मला सांगण्यात आलं. “उजेडाकडं धरा. दिसलं?” बऱ्याच खटपटीनंतर टोकाएवढा उजेड दिसला. अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. या भोकातून जे पेट्रोल येतं त्यावर मुठीची सुरुवात अवलंबून. दोन महिने गाडी उभी राहिली, आतलं पेट्रोल सुकून चिकट झालं, की हे भोक बुजतं. मग लोक म्हणतात इंजिन गेलं. कोपऱ्यावरचा मेकॅनिक असा जेट ब्रेकच्या वायरची तार घालून साफ करतो. पितळ मऊ; तारेनं भोक मोठं होतं, आणि जेटवरचा नंबर तोच राहतो. तार हा शब्द ऐकला तरी अण्णा डोळे मिटून घेतात. ते स्वतः जेट क्लीनरमध्ये भिजवतात आणि हवा मारतात. पूर्वी तोंडानं फुंकायचे. आता वहिनींसाठी पंप आणलाय, म्हणजे पंप अण्णांसाठीच, पण पेट्रोलचा वास वहिनींना येत नाही.

पेच लावणं हा मुख्य विधी. इंजिन चांगलं गरम हवं. पेच हळूच आत पिळायचा, टेकला की थांबायचं. ताकद लावली की टोक चेपलं. मग दीड फेरा बाहेर. तिथून पाव पाव फेरा पुढंमागं करत ऐकत राहायचं. आयडलिंग जिथं चढं आणि एकसारखं लागेल, तो मुक्काम. आरएक्सवर हा पेच हवेचा असतो. मुक्काम एका फेऱ्याच्या आतच सापडला तर गाडीला पेट्रोल कमी पडतंय, पायलट जेट मोठा पाहिजे. अडीच फेऱ्यांच्या पलीकडं गेला तर लहान. मात्र पेच स्लाइडच्या पुढं, इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आणि सगळं उलटं. पलीकडच्या गल्लीतल्या एका फोर-स्ट्रोकवाल्यानं अण्णांचं ऐकून आपला पेच उत्साहानं फिरवला आणि बरेच दिवस गाडी ढकलली. तेव्हापासून अण्णा आधी पेचाची जागा विचारतात, नंतर माणसाचं नाव.

फेरा लागला की ते मूठ सोडतात, झटकन पाव उघडतात, सोडतात. ड्रिंग. ड्रिंग. मग माझ्याकडं बघतात.

“ऐकलं?”

“ऐकलं.”

“आता ऐका.” पेच एवढासा फिरतो, नाही फिरला तरी कळणार नाही इतका. ड्रिंग. ड्रिंग. “हं?”

“फरक पडला,” मी म्हणतो.

“कुठं?”

इथं माणसं पकडली जातात. नुसतं ‘फरक पडला’ म्हणून सुटका नाही. फरक खाली पडला का मधी, हे सांगावं लागतं. मी ‘खाली’ म्हणतो. पाव मूठवाल्यापुढं ‘खाली’ हे उत्तर सहसा चुकत नाही. पण अण्णांना कळतं की मास्तरांनी ठोकून दिलंय. ते काही बोलत नाहीत. फडक्याला हात पुसतात आणि पुन्हा पाटावर बसतात. या माणसाला जेट, सुया, वायसर सगळं मिळतं. कान मिळत नाहीत. वहिनींना दोन्ही आवाज सारखेच नकोसे. मुलगा कानात गाणी घालून बसतो. उद्यमनगरात दिवसभर यंत्रांच्या गोंगाटात राहिलेली माणसं, त्यांना चहावाल्याची हाक कळली तरी खूप.

पोरं येतात, पण त्यांना फरक ऐकायचा नसतो, करून हवा असतो. कुणीतरी आरएक्सवर २८ मिलिमीटरचा कार्बुरेटर चढवलेला असतो, बहुधा नामांकित जपानी नावाचा आणि भलत्याच ठिकाणी बनलेला. मूळचा वीसचा काढून अठ्ठावीसचा घातला म्हणजे ताकद वाढली, असा हिशेब. “अण्णा, वर लई पळतीया, पर खाली मरतीया.” मग अण्णांना बोलावं लागतं. इंजिन हळू फिरत असताना ओढणार तेवढीच हवा ओढणार. मार्ग अरुंद असेल तर ती हवा वेगानं जाते, वेगानं गेली की दाब उतरतो, आणि त्या ओढीनं पेट्रोल वर चढतं. बर्नुली नावाच्या माणसानं हे १७३८ सालीच लिहून ठेवलंय. मार्ग रुंद केला की हवा रेंगाळते, पेट्रोलला ओढच लागत नाही. “तू गाडीला घसा दिलास, फुफ्फुस तेच हाय.” पोरगं मान हलवतं आणि विचारतं, मग तिसाचा घालू का?

मोठ्या घरच्या पोराची परदेशी मोटोक्रॉस गाडीही एकदा जिन्याखाली आली. साडेचारशे सीसीची फोर-स्ट्रोक, केहीनचा एफसीआर कार्बुरेटर. मूठ सावकाश उघडली की सरळ, झटक्यात उघडली की भुस्स. अण्णांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. अशा मोठ्या कार्बुरेटरमध्ये मूठ एकदम उघडली तर हवा आत घुसते आणि पेट्रोल मागं राहतं. ती उधारी भागवायला एक छोटा पंप असतो, तो पेट्रोलची पिचकारी मारतो. पण पंपाच्या दोन दांड्यांमध्ये स्प्रिंग असते. मूठ आधी स्प्रिंग ताणते, मग पंप हलतो. पिचकारी पोचेपर्यंत गाडीनं मान टाकलेली असते. अण्णांनी हायड्रॉलिकच्या दुकानातून पेट्रोलमध्ये न विरघळणारी रबरी रिंग आणली, दोन्ही दांड्या तिनं जखडल्या, पंप मुठीबरोबर हलायला लागला. भुस्स गेलं. पोरानं पाकीट काढलं, किती द्यायचे? अण्णांनी रिंगचे दहा रुपये घेतले आणि विचारलं, “फरक कुठं पडला?” पोरगा म्हणाला, “भारी झालं.” अण्णांचा चेहरा पडला. भारी हे काय उत्तर झालं?

प्लगही ते बघतात, पण दुकानदार बघतो तसा नाही. रंकाळ्याच्या रस्त्यानं मूठ पाव उघडी धरून थोडं जायचं, क्लच दाबून इंजिन बंद करायचं, गाडी घरंगळत थांबवायची आणि तिथंच प्लग काढायचा, म्हणजे नेमका पाव मुठीचा रंग हाती लागतो. बिस्किटी आला तर ठीक. काळा, ओला आला तर पेट्रोल जास्त. पांढरा आला तर हवा जास्त, आणि टू-स्ट्रोकला पांढरा म्हणजे पिस्टन चिकटण्याची नोटीस. अण्णा तो प्लग पत्रिका बघावी तसा तळहातावर धरून वळवत असतात, आणि फिरायला आलेले भले लोक पेट्रोल संपलं का विचारून धक्का द्यायला हात लावतात. एका आजोबांनी तर देऊन टाकला.

सासुरवाडी रत्नागिरी. हे अण्णांच्या पत्नीचं दुर्दैव की कार्बुरेटरचं सुदैव, सांगता येत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, रत्नागिरी समुद्राला लागून. खाली हवा दाट, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा हवा, असा अण्णांचा आग्रह. खरं तर एवढ्या उंचीनं घरच्या गाडीला काही होत नाही. हवेत पाच-सहा टक्क्यांचा फरक, सासऱ्यांना तो जाणवण्याची शक्यता कमी. तरी आंबा घाट उतरला की गाडी झाडाखाली उभी राहते, खिशातून तंबाखूची जुनी डबी निघते, तिच्यात कापसात ठेवलेले जेट. वहिनी बॅगेवर बसून राहतात. जेवायला वेळ का झाला, याचं उत्तर त्यांनी माहेरी आजवर ‘रस्ता खराब होता’ असंच दिलंय.

मधल्या काळात जगानं अण्णांना दोन दणके दिले. पहिला एप्रिल २०२० चा. बीएस-सहा आलं आणि नव्या गाड्यांवरचे कार्बुरेटर झपाट्यानं जाऊन इंजेक्शन आलं. पुतण्या नवी गाडी दाखवायला घेऊन आला. अण्णा तिच्याखाली बराच वेळ वाकून बघत होते. शेवटी म्हणाले, “पेच कुठाय?” पेच नाही, काका, ती आपलं आपण ठरवते. अण्णांनी मूठ पाव उघडली. गाडीनं त्या क्षणी उत्तर दिलं, घुसमट नाही, खाकरणं नाही. “चांगली हाय,” ते म्हणाले, आणि मग दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

दुसरा दणका घरचा. २०२३ पासून पंपांवर ई-२० यायला लागलं, पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं पावणेपंधरापट हवा लागते, इथेनॉलला नऊपट पुरते. म्हणजे त्याच जेटमधून तेवढंच मिश्रण गेलं तर गाडी उपाशी. शिवाय जुन्या कार्बुरेटरमधली रबरं त्यानं फुगतात ती वेगळीच. पावसाळ्यात हे इथेनॉल पाणीही ओढतं. अण्णांच्या हिशेबानं पायलट जेट एक नंबर वाढवायला हवा होता, पण वाढवण्याआधी भांडण हवं होतं. ते शिरोळकडच्या मामांशी झालं. मामा ऊसवाले.

“तुमच्या उसापायी माझी गाडी हवा खायला लागली.”

“तुझी गाडी हवा खाती, आमी दराची वाट बघतोय. दोगंबी उपाशीच.”

एवढ्यावर मिटलं. मामांनी जाताना काकवीची बरणी दिली. अण्णांनी ती घेतली, पण वास घेऊन.

आता म्हशीचं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात माळा, कपाळावर मोरपीस, आणि मग पळवायच्या. मालक पुढं मोटरसायकलवर, बहुधा सायलेन्सर काढलेल्या, आणि मागं म्हैस. ती दोरीला बांधलेली नसते. मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून, गर्दी फोडत ती त्याच्यामागं धावते. आमच्या भागातल्या एका गवळ्याची अशी म्हैस आहे आणि जुनी यामाहाही. त्याची अडचण वेगळी. गर्दीतून हळू जायचं, मध्येच म्हैस उधळली की झटकन पुढं सटकायचं, आणि नेमकं तेव्हा गाडी घुसमटते. मागं पाचसहाशे किलोचं जनावर पूर्ण वेगात. “अण्णा, एकदा शिंग टेकलं बगा पाठीला.”

अण्णांना असं काम आयुष्यात आलं नव्हतं. माळावरचा चर पडल्यावर माफ करतो. हिला तर शिंगं होती. पाडवा तोंडावर आलेला. त्यांनी आधी कार्बुरेटरला हात लावलाच नाही. प्लग बदलला, एअर फिल्टर धुतला, मग इंजिन चालू ठेवून कार्बुरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरावर बारीक फवारा मारला. आवाज बदलला. रबराला चीर होती, तिथून चोरून हवा जात होती. ते रबर बदललं. तेवढ्यानं निम्मं काम झालं होतं आणि दुसरा कुणी तिथं थांबला असता. अण्णांनी पायलट जेट एक नंबर वाढवला, सुईची क्लिप एक खाच खाली नेऊन सुई उचलली, आणि स्लाइड बदलून कमी काप असलेली घातली, म्हणजे मूठ उघडताच हवा एकदम घुसू नये. मग पेच. ड्रिंग. ड्रिंग. मीसुद्धा चपापलो. बोट हललं की गाडी हजर.

चाचणी पंचगंगेच्या घाटाजवळ. गवळी गाडीवर बसला, म्हैस मागं उभी. त्यानं मूठ पाव उघडली, गाडी टाचेवर उडाली, गवळी जवळजवळ मागं राहिला. म्हैस जागची हलली नाही. त्यानं वळून येऊन हाका मारल्या, पुन्हा निघाला. म्हशीनं कान टवकारले, गाडीकडं बघितलं, आणि मान वळवून गवत खायला लागली.

“अण्णा, गाडी एक नंबर झालीया,” गवळी रडकुंडीला येऊन म्हणाला, “पर म्हस वळखंना. तिला वाटतंय दुसऱ्याचीच गाडी हाय.”

अण्णा म्हशीजवळ गेले. तिच्या कानाकडं बघत राहिले. मग गाडी सुरू करायला लावून तिथंच बसून पेच पाव फेरा आत घेतला. म्हशीचा एक कान वळला. आणखी पाव. दोन्ही कान. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं ‘खाली’ म्हणून सुटणाऱ्या माझ्याकडं बघावं तसं नव्हे, दुसरंच काही. “मास्तर, बघितलंसा? पाव फेरा. पाव फेरा कळतोय हिला.”

“अण्णा, पयल्यागत करून द्या,” गवळी काकुळतीला आला होता. “घुसमटली तर घुसमटू दे.”

“करतो की,” अण्णा म्हणाले, म्हशीच्या पाठीवर हात फिरवत. “पर एवढ्या घाईत न्हाई. रविवारी ये सकाळी. गाडी राहू दे माझ्याकडंच, म्हस तेवढी घेऊन ये. आनि चार जेट आनून ठेवतो, हिला ऐकवायचेत.”